रेघेबाहेरचा अकरावा

सिद्धाप्पा कटके पांढऱ्या रेघेच्या बाहेर पाय लांब करून बसला होता. पायात बूट होते आणि बुटांच्या नाड्या सुटलेल्या होत्या. आत आम्ही दहाजण उभे होतो आणि कोल्हापूरहून आलेला रेफ्री त्याच्याकडं बघत होता.

"तुमचा अकरावा येणार आहे की नाही?" रेफ्रीनं विचारलं.

"येईल. नाड्या बांधतोय," आमचे कॅप्टन बाळासरकार म्हणाले.

सिद्धाप्पाचे दोन्ही हात मांडीवर होते.

"बांधताना तर दिसत नाही."

"येईल म्हटलं ना."

रेफ्रीनं घड्याळ बघितलं आणि शिट्टी मारली. अशा रीतीनं १९६३ सालच्या कॉलेजांच्या फुटबॉल ढालीचा सांगलीच्या कॉलेजाशी अंतिम सामना आमच्या नेरवाड कॉलेजनं दहा माणसांनिशी सुरू केला. बदली खेळाडू उतरवायची सोय तेव्हा नव्हती. एकदा अकरा नावं दिली की तीच. त्यातला एकजण रेघेबाहेर बसून राहिला तर त्याची जागा मोकळी ठेवून खेळायचं.

तो का बसला होता, ते सांगायला हवं. आमच्या टीममध्ये एक रीत होती. नवा गडी पहिल्यांदा सामन्याला उतरला की तो रेघेबाहेर खाली बसायचा. कॅप्टन गुडघा टेकून त्याच्या दोन्ही बुटांच्या नाड्या बांधायचा, बुटावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "ऊठ." मग तो टीमचा. त्याआधी त्यानं रेघ ओलांडायची नाही. ही रीत कुणी काढली ते कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळं ती फार जुनी आहे अशी सगळ्यांची खात्री होती. माझ्या नाड्या आदल्या साली बांधल्या गेल्या. मी मल्लिकार्जुन शेटे, वाण्याचा पोर, खेळायचो उजव्या बाजूला बचावाला. तेव्हाचा कॅप्टन माझ्यापुढं वाकला तेव्हा मला इतकं भरून आलं, की पहिला चेंडू मी सरळ विरुद्ध टीमच्या पायात दिला.

बाळासरकार त्या साली नवेच कॅप्टन झाले होते. नेरवाड हे जुन्या संस्थानाचं गाव. संस्थान गेलं होतं, पण इनामदारांचा वाटा आमच्या बोलण्यात तसाच होता. बाळासरकार त्या इनामदारांच्या घरातले; इंग्रजीत माझ्या शेजारी बसून नापास झाले, तरी आम्ही त्यांना अहोजाहोच करायचो. ते जीपमधून मैदानावर यायचे ते बूट चढवून, कपडे घालून, जसे काही घरापासूनच खेळत आलेत. त्यांच्या मागं सखबा नावाचा म्हातारा गडी असायचा. त्याच्याकडं सरकारांचा पंचा, सरकारांचं लिंबू, सरकारांचा थर्मास. खेळताना बूट सैल झाला तरी सरकार रेघेपाशी येऊन पाय पुढं करायचे आणि बाकीचं सखबा बघायचा. आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नसे. खेळायचे मात्र चांगले. डोक्यानं चेंडू मारण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता.

सिद्धाप्पा ढोर गल्लीतला. बापाचा कातडी कमवायचा धंदा. स्कॉलरशिपवर कॉलेजात आला होता आणि बोर्डिंगात राहायचा. दिवाळीनंतर तो आमच्याबरोबर सरावाला यायला लागला, अनवाणी. डाव्या बाजूनं असा सुटायचा, की मागं लागलेल्याला आपण कुणाच्या मागं लागलोय याचाच विसर पडायचा. सरावात त्याला कुणी काही म्हटलं नाही. म्हणायचं कशाला? चेंडू कातड्याचा होता, तो त्याच्याच गल्लीत शिवला जायचा आणि आम्ही सगळे तो कपाळावर घेत होतो. फक्त पाण्याच्या घागरीपाशी सिद्धाप्पा येत नसे. कुणी "येऊ नको" म्हटलं नव्हतं. "ये" असंही कुणी म्हटलं नव्हतं. तो बोर्डिंगच्या नळावर जायचा आणि आम्हाला सगळ्यांनाच हे सोयीचं होतं.

मग आमचा डावा विंगर चंदू मगदूम काविळीनं आडवा झाला. अंतिम सामन्याला बूट सक्तीचे होते. चंदूनं आपले बूट पाठवून दिले, ते सिद्धाप्पाच्या पायाला बरोबर बसले आणि सगळ्यांना एकदम रीत आठवली.

सामन्याच्या आधी तंबूसमोर सिद्धाप्पा बसला. बुटांत पाय घातले, पाय पुढं केले आणि वर बघितलं. आम्ही भोवती उभे होतो. बाळासरकारांनी त्या नाड्यांकडं बघितलं, मग खुर्च्यांच्या रांगेकडं. पहिल्या खुर्चीत त्यांचे चुलते, काकासरकार बसले होते.

"तुझ्या तू बांधून घे," सरकार म्हणाले. "उशीर झालाय."

सिद्धाप्पा म्हणाला, "तुम्ही बांधायच्या हाईत न्हवं?"

"ते जुनं झालं सगळं आता."

"शेट्याच्या गेल्याच साली बांधल्यात की."

माझं नाव निघाल्यावर मी बुटाला चिकटलेली माती काढायला लागलो.

"हे बघ कटके, खेळायला आलायस न्हवं? मग खेळ. नाडीचं काय एवढं?"

"माझं बी तेच म्हणणं हाय, सरकार. नाडीचं काय एवढं?"

आमचा गोलकीपर रहिमान मुजावर मध्ये पडला. "सोडा की ओ. मी बांधतो. आमच्या घरात कुणी विचारणार न्हाई."

"तू कॅप्टन झालास की बांध," सिद्धाप्पा म्हणाला. "तवर थांबतो मी."

बाळासरकार लाल झाले. वळून मैदानात गेले. आम्ही त्यांच्या मागं. सिद्धाप्पा उठला, सुटलेल्या नाड्या ओढत रेघेपर्यंत आला आणि बसला. नेमका माझ्या बाजूला.

पहिली काही मिनिटं प्रेक्षकांना वाटलं, पोराला काहीतरी लागलंय. मग त्यांची तोंडं सुटली.

"ए, मुहूर्त बघतोय काय तू?"

"नाड्या सुटल्यात रं त्याच्या."

"मग बांध की मर्दा. बुटाच्याच हाईत न्हवं, लेंग्याच्या न्हाईत."

"माझ्या हातानं न्हाईत बांधायच्या," सिद्धाप्पा मागं न बघता म्हणाला.

रीत गावाला माहीत होती. पाच-पंचवीस माणसांना उमगलं, त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आवाज कमी होत गेला. गोलच्या मागं चिंचेखाली ढोर गल्लीतली माणसं उभी होती. ती तर आधीपासूनच गप्प होती.

चेंडू माझ्या बाजूनं बाहेर गेला. सिद्धाप्पानं तो अडवून माझ्या हातात दिला.

"तुझ्या बापाचा निरोप हाय," मी म्हटलं. तो चिंचेखालून एका माणसानं माझ्या कानावर घातला होता. "म्हणतोय, बांध आणि खेळ. सरकारांच्या जागेत आपली कुंडं हाईत, म्हणतोय."

कातडी भिजवायची कुंडं इनामदारांच्या ओढ्याकाठच्या जमिनीत होती. सगळी गल्ली त्या कुंडांवर जगत होती.

"ठावं हाय मला," सिद्धाप्पा म्हणाला. "बापाला सांग, खेळायलाच बसलोय."

"आणि ते आलेच न्हाईत तर?"

"तर हितंच. उद्या कॉलेजात बी येत न्हाई. टाक चेंडू, रेफ्री बघतोय."

कॉलेज सोडण्याची गोष्ट तो बाजार उद्या नाही परवा असल्यासारखी बोलला. मला त्याचा राग आला. आपल्या गल्लीचं पोट आणि स्वतःचं शिक्षण त्यानं दोन नाड्यांवर लावलं होतं. समोरच्यानं तर अजून काहीच लावलं नव्हतं.

गोल व्हायचाच होता, झाला. आमची डावी बाजू उघडी होती आणि सांगलीकर काही आंधळे नव्हते. मध्यंतराला आम्ही एका गोलानं मागं होतो. रहिमाननं हातमोजे जमिनीवर आपटले. म्हणाला, "दहा जणांत खेळायचं तर तसं आधी सांगायचं. मी पण घरी जेवून झोपलो असतो."

बाळासरकार तिथं नव्हते. मी घागरीकडं जाताना तंबूच्या मागं वळलो, तेव्हा दिसले. तंबूच्या खुंटीपाशी उकिडवे बसले होते, शेजारी सखबा. सरकारांच्या हातात कुठली तरी दोरी होती. ती खुंटीला गुंडाळत होते, सोडत होते. सखबा खाली आवाजात काही सांगत होता. मला बघताच सरकार उठले.

"काय पाहिजे, शेटे?"

"पाणी."

"घागर पुढं हाय."

मी तसाच मागं फिरलो. मी मनाशी हिशेब मांडला, की सरकार अडलेत. एकीकडं ढाल आणि गावाची हुर्यो, दुसरीकडं काकासरकार. घरात ज्याच्याशी बोलता येत नाही ते म्हाताऱ्या गड्याशी बोलतायत. बरोबर दिसला हिशेब. मी तो बरीच वर्षं तसाच ठेवला.

मध्यंतर संपत आलं तेव्हा बाळासरकार तंबूतून निघाले. ते मैदानात न जाता रेघेच्या कडेनं चालत सिद्धाप्पापर्यंत आले. तेवढं चालणं सगळ्या गावानं बघितलं. ते गुडघा टेकून बसले. खुर्च्यांच्या रांगेत काकासरकार उठले आणि जीपकडं चालू लागले. बाळासरकारांनी मान वर केली नाही.

त्यांचे हात थरथरत होते. हे मी हाताच्या अंतरावरून बघितलं. नाडी धरली, ओढली, निसटली. पुन्हा धरली. गाठ होते न होते तोच सुटली. पहिल्यांदा सिद्धाप्पाचा चेहरा दगडासारखा होता. मग त्यानं सरकारांच्या बोटांकडं बघितलं. नीट बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी फिरलं आणि त्याचे ओठ हलायला लागले. ऐकू काही आलं नाही. मला वाटलं, देवाचं नाव घेतोय, नाहीतर शिवी घालतोय.

एक बूट झाला. दुसऱ्याला वेळ कमी लागला. सरकारांनी बुटावर थाप मारली.

"ऊठ."

सिद्धाप्पा उठला. चिंचेखालून एकदम आवाज उठला, तसा आवाज मी त्या मैदानावर आधी ऐकला नव्हता.

सामना आम्ही हरलो. सिद्धाप्पानं एक गोल केला, डावीकडून आत येऊन. सांगलीकरांचे दोन झाले. ढाल गेली आणि त्या ढालीविषयी गावात कुणी एक शब्द बोललं नाही. बोलणं सगळं नाड्यांचं. निम्मं गाव म्हणत होतं, केवढं मन. उरलेलं निम्मं म्हणत होतं, हात कसे थरथरत होते बघितलंस ना, पिढ्यान्‌पिढ्यांचं रक्त आहे, शिवताना थरथरणारच. ही दुसरी मंडळीही सरकारांविषयी चांगलंच बोलत होती. एवढं जिवावर येऊन केलं म्हणून जास्तच चांगलं. काकासरकारांनी पुतण्याशी बोलणं टाकलं, ते आंब्याच्या दिवसांत पुन्हा सुरू झालं. कुंडांना कुणी हात लावला नाही. पुढच्या साली सिद्धाप्पाच्या गल्लीतली दोन पोरं टीममध्ये आली आणि घागरीचं पाणीही प्यायली. "येऊ नको" म्हणायला आता कुणाला तोंड नव्हतं. सरकार वाकलेत म्हटल्यावर बाकीच्यांनी ताठ कशाच्या जोरावर राहायचं?

मग आम्ही सगळे पांगलो.

कॉलेजचा सुवर्णमहोत्सव झाला तेव्हा सिद्धाप्पा पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन पुण्याला राहत होता. मी दुकान मुलाकडं सोपवलं होतं. बाळासरकार साखर कारखान्याचे चेअरमन आणि कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष. मांडवात मागच्या रांगेत मी आणि सिद्धाप्पा चहा पीत बसलो होतो. त्याला स्टेजवर बोलावणं होतं, पण त्याला अजून वेळ होता. रहिमान गेला होता, चंदू मगदूम गेला होता. आमच्या वयाला बोलायला जे विषय राहतात ते संपल्यावर मी विचारलं, "त्या दिवशी तू काय पुटपुटत होतास रे?"

"कवा?"

"सरकार नाड्या बांधत होते तेव्हा."

त्यानं कप खाली ठेवला. "उजवी डावीवरनं घ्या. खालनं काढा. वढा. आता डावीचा फास करा."

"म्हणजे काय?"

"त्याला बांधायला येत न्हवतं, शेट्या."

"जन्मल्यापासून सखबानं बांधल्या त्याच्या," सिद्धाप्पा म्हणाला. "तू त्याला कधी नाडी बांधताना बघितलंस? आठव."

मला जीप आठवली, रेघेबाहेर पुढं केलेला पाय आठवला. तंबूच्या खुंटीला गुंडाळलेली दोरी आठवली आणि ती दोरी नव्हती हेही आठवलं.

"म्हणजे ते शिवाशिवीसाठी अडले नव्हते?"

"न्हाई. अठरा वर्साच्या सरकाराला नाडी बांधता येत न्हाई हे चारचौघांत कळंल, म्हणून अडला."

"अरे, मग तसं सांगायचं तुला हळूच. आम्हीच दाखवली असती."

"लाज वाटली त्याला." सिद्धाप्पा हसला. "नाडी येत न्हाई म्हणायची लाज वाटली. ह्याला शिवत न्हाई असं सगळ्यांस्नी वाटतंय, ते वाटू दिलं. त्याची न्हाई वाटली. तुमच्यात त्याची कुणालाच वाटत न्हवती."

'तुमच्यात' हा शब्द त्यानं सहज वापरला. मी तो सहज घेतला.

मी म्हटलं, "एवढ्या वर्षांत कुणाला सांगितलं नाहीस."

"सांगून काय झालं असतं?"

"खरं कळलं असतं लोकांना."

"हे बघ. मी सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सगळं गाव म्हणालं असतं, बघा, तसलं काय न्हवतंच आपल्याकडं. पोराला नाडी येत न्हवती, एवढंच. त्यो सुटला असता, तुम्ही सुटला असता, घागर बी सुटली असती. आणि पुढल्या साली आमची दोन पोरं कशावर आली असती?" त्यानं चहा संपवला. "त्यो गुडघ्यावर बसला ते माझ्या कामाचं हुतं. का बसला ते न्हवतं."

मी उभ्या जन्मात पुष्कळांचे हिशेब बघितले. असा जमाखर्च विशीत मांडणारा दुसरा बघितला नाही.

तेवढ्यात त्याला स्टेजवर बोलावलं. प्राचार्यांनी भाषण केलं. नेरवाडच्या मैदानावर एका कॅप्टननं समतेपुढं गुडघा कसा टेकला, हे त्यांनी स्वतः तिथं असल्यासारखं सांगितलं. त्या साली ते जन्मले होते की नाही, कोण जाणे. शेवटी आवाज चढवून म्हणाले, "खरं म्हणजे मित्रहो, आपल्या कॉलेजात भेदभाव कधी नव्हताच."

टाळ्या पडल्या. बाळासरकारांनी हात जोडले. सिद्धाप्पाही टाळ्या वाजवत होता, सावकाश.

फोटोग्राफर तरुण होता आणि हुशार होता. तो म्हणाला, "सरकार, तेच एकदा करून दाखवा ना. कटकेसाहेबांच्या नाड्या बांधतानाचा एक फोटो. पहिल्या पानावर घेतो."

प्राचार्यांना ते फारच आवडलं. कुणीतरी खुर्ची पुढं केली. बाळासरकार हसत हसत म्हणाले, "राहू द्या हो. वय झालं. वाकवत नाही." त्यांच्या पायात चपला होत्या. मला आठवेना, कॉलेज सुटल्यावर मी त्यांना बुटांत कधी बघितलं होतं.

"एकच मिनिट, सरकार," प्राचार्य म्हणाले. "पुढच्या पिढीसाठी."

सिद्धाप्पा खुर्चीत बसला. खाली वाकून त्यानं स्वतःच्या काळ्या बुटाची नाडी सोडली, पार शेवटच्या भोकापर्यंत सैल केली आणि पाय पुढं केला.

ड्रायव्हरनं सरकारांचा दंड धरला आणि ते गुडघा टेकून बसले. मी मागच्या रांगेतून उठून पुढं गेलो. सरकारांनी नाडीची दोन टोकं दोन हातांत घेतली. उजवं डाव्यावरून घेतलं. थांबले. मग मान वर करून सिद्धाप्पाच्या तोंडाकडं बघू लागले.

"माझ्याकडं किंवा बुटाकडं बघा, सरकार," फोटोग्राफर म्हणाला. "त्यांच्याकडं नको."

सरकार तसेच वर बघत राहिले. सिद्धाप्पा कॅमेऱ्याकडं बघत होता. त्याचे ओठ मिटलेले होते.